दिल्ली पासिंगची ट्रॅव्हलर की साधी विंगर? वापरलेली कॅम्पर घेताना काय बघायचं

प्रश्न कासारवडवलीच्या एका ताईंचा आहे. घरात नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. शनिवार-रविवार जोडून कोकणात नाहीतर भंडारदऱ्याला जायला वापरलेली कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, घ्यायचीय आणि दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१७ ची फोर्स ट्रॅव्हलर, दिल्ली पासिंग, आत लाकडी काम, किचन, टॉयलेट, छतावर एसी, बघताक्षणी घरासारखी वाटते म्हणे. दुसरी २०१४ ची टाटा विंगर, एमएच ०४, पांढरी पाटी, मागच्या सीटा काढून एक बेड टाकलाय, बाकी काहीच नाही. कुठली घेऊ, असं विचारलंय.

ताई, माझं रबाळे एमआयडीसीत वर्कशॉप आहे, ट्रॅव्हलर आणि विंगर आतून मोकळ्या करून कॅम्पर बनवायचं आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या दुरुस्त करायचं काम करतो, त्यामुळे अशा गाड्यांच्या पोटात काय असतं ते रोज बघतो. तुमचं मन ट्रॅव्हलरवर बसलंय हे प्रश्नावरूनच कळतंय, अर्धा प्रश्न तिच्या किचनबद्दल आहे. म्हणून आधी तेच सांगतो: वापरलेल्या कॅम्परमध्ये आतलं काम ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. बेड, ओटा, कपाटं, लाइट हे सगळं काढून नवीन करता येतं, मी करून देतो, दुसरा कोणी करून देईल. पण आरसीवर चुकीचं लिहिलेलं असेल, पत्रा सडला असेल नाहीतर छपरातून पाणी आत गेलं असेल तर त्याच्यावर खर्च करत राहाल आणि गाडी कधी धड होणार नाही. त्यामुळे गाडीत चढून सोफ्यावर बसायच्या आधी कागद बघा, मग छपरावर चढा, मग गाडीखाली आडवे व्हा. एकदा मुलं वरच्या बर्थवर चढून खिदळायला लागली की नाही म्हणणं फार जड जातं, म्हणून पहिल्या वेळी मुलांना नेऊच नका.

कागदांपासून सुरुवात. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बरंच काही दिसतं, त्यात 'व्हेइकल क्लास' ही ओळ वाचा. खाजगी वापराच्या खऱ्या कॅम्परवर तिथे कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरॅव्हॅन असं काहीतरी दिसायला पाहिजे. केंद्र सरकारच्या वर्गवारीत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येते आणि अशा गाडीच्या मंजुरीसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानकही आहे, म्हणजे कायदेशीर रस्ता आहे, कोणी नाही असं सांगितलं तर ऐकू नका. पण बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर तिथे ऑम्नी बस म्हणजे प्रवासी बस लिहिलेलं असतं, काहींवर तर चक्क ॲम्ब्युलन्स, आणि काही टुरिस्ट परमिटच्या पिवळ्या पाटीच्या असतात ज्यांना नुसता पांढरा रंग मारून आत बेड टाकलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आरसीशी न जुळणारा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलंय, आणि जो बदल परवानगीत बसतो तो आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. हे नाक्यावरच्या दंडापुरतं नाही हो. उद्या घाटात काही झालं, गाडी जळाली, तर विमा कंपनीचा सर्व्हेयर पहिल्यांदा आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवून बघणार, आणि न कळवलेले बदल दिसले की तुमचा क्लेम अडकला. पाच माणसांचं कुटुंब ज्या गाडीत झोपणार तिचा विमा कागदावर उभा राहिलाच पाहिजे, याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

ॲपवरच फिटनेस, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आणि बाकी चलान बघून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता दिल्ली पासिंग. तिकडच्या डिझेल गाड्या आपल्याकडे स्वस्तात का येतात ते समजून घ्या. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवाद आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनी बंधनं आली, नंतर नियम कमी-जास्त होत राहिले, पण लोकांनी दहा वर्षं भरायच्या आधी गाडी बाहेर काढून टाकायची सवय लावून घेतली. तुमची २०१७ ची म्हणजे ती मुदत जवळच आली. याचा अर्थ गाडी वाईट आहे असा नाही, उलट कोरड्या हवेतल्या गाड्यांचा खालचा पत्रा आपल्या खाडीकाठच्या गाड्यांपेक्षा बऱ्याचदा चांगला निघतो, हे मी खाली झोपून बघितलेलं आहे. पण तुमचा खर्च वाढतो. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथे नवीन नंबर, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, आणि दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर हे करावंच लागतं. मुख्य म्हणजे नवीन नंबरसाठी गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी राहणार, आणि तेव्हा आरसीवर १३ सीटची बस आणि आत किचन-टॉयलेट असं निघालं तर तुम्ही तिथेच अडकलात. विकणारा तोवर गायब. म्हणून दिल्लीच्या गाडीला माझी अट अशी की एनओसी आणि इथल्या नंबरचं काम विकणाऱ्याने करून द्यावं, तोपर्यंत फक्त टोकन, तेही लेखी. तयार नसेल तर का तयार नाही ते तुम्हाला कळलंच.

आरसीवर आणखी एक गोष्ट असते जी कोणी वाचत नाही, ती म्हणजे वजन. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. आता ट्रॅव्हलरमध्ये इतकं लाकूडकाम केलंय, टाक्या, बॅटऱ्या, एसी, आणि आरसीवरचं रिकामं वजन अजून मूळ बसचंच असेल तर समजा की बदल नोंदवलेलेच नाहीत. हे तपासायला फार सोपं आहे, गाडी कळंबोली नाहीतर तळोज्याच्या कुठल्याही वजनकाट्यावर घ्या आणि पावती करा. मग हिशोब मांडा: तुम्ही पाच जण मिळून समजा २७०-२८० किलो, पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो, कपडे-भांडी-शिधा-खुर्च्या-सायकली धरून अजून शंभरेक. काट्यावरच्या वजनात हे मिळवलं की आरसीवरच्या कमाल वजनाच्या आत बसतंय का बघा. जाड ब्लॉकबोर्डची कपाटं आणि ग्रॅनाइटचा ओटा लावलेल्या गाड्या मी बघितल्यात ज्या माणसं बसायच्या आधीच काठावर असतात. अशी गाडी मुंब्रा बायपास कशीबशी चढेल, पण कसारा उतरताना ब्रेक तापले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. जमलं तर मागचा एक्सल एकटा, म्हणजे फक्त मागची चाकं, काट्यावर चढवून ते वजनही घ्या, कारण टॉयलेट, टाकी, बॅटरी सगळं मागे कोंबलेलं असतं.

आता पाणी. आपल्याकडच्या कॅम्परचा सगळ्यात मोठा शत्रू इंजिन नाही, पाऊस आहे. कंपनीने बनवलेलं छप्पर गळत नाही हो, गळतं ते नंतर पाडलेल्या भोकांतून. एसीसाठी कापलेला चौकोन, व्हेंट, सोलर पॅनलचे स्क्रू, बाजूच्या खिडक्या, ऑनिंगचे, म्हणजे बाजूला ओढायच्या कापडी छताचे ब्रॅकेट. शिडी लावून वर चढा. भोकांभोवती पॉलियुरेथेन सीलंट किंवा ब्यूटाइल टेपचं नीट काम दिसलं तर ठीक, पण बाथरूमला लावतात तसलं सिलिकॉन थरावर थर चढवलेलं दिसलं तर गाडी आधीपासून गळतेय आणि प्रत्येक पावसाळ्यात कोणीतरी वरून लिंपलंय. दिल्लीच्या गाडीत उन्हाने रबरं तडकलेली असतात, नखाने दाबून बघा, कडक होऊन भुगा पडतो का. तिकडे पाऊस कमी, त्यामुळे मालकाला गळती कधी कळलेलीच नसते, इथे पहिल्या जुलैत कळते.

माझी तपासायची पद्धत सांगतो, घोडबंदर रोडवर कुठल्याही वॉशिंग सेंटरला करता येईल. गाडी जरा एका बाजूला कललेली उभी करा, आतल्या सगळ्या गाद्या, मॅट उचलून ठेवा. मग बाहेरून छपरावर, खिडक्यांच्या वरच्या कडेवर, मागच्या दारावर पाणी सोडत राहायचं, प्रेशर नको, पावसासारखं पडू दे, पंधरा-वीस मिनिटं तरी. तुम्ही आत. कोरडा टिश्यू घेऊन एसीच्या कडेने, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, वरच्या कपाटाच्या आत मागच्या बाजूला, बेडच्या बॉक्समध्ये चाकाच्या कमानीपाशी दाबत जा. टिश्यू लगेच सांगतो. त्यानंतर बोटांच्या मागच्या बाजूने सगळं पॅनेलिंग ठोकत जायचं, चांगल्या प्लायचा आवाज टणक येतो, भिजून कुजलेल्याचा भद्द येतो आणि बोटाखाली किंचित दबतं. खालच्या एक फुटात जास्त ठोका, पाणी शेवटी तिथेच येऊन बसतं. माझ्याकडे एक गाडी आली होती, दिसायला इतकी देखणी की शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला आली, बेडचा बॉक्स उघडला तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, फुगून पुस्तकाच्या पानांसारखं सुटत होतं आणि त्याच्या मागे कंपनीच्या पत्र्याला पेन्सिल आरपार गेली. मालकाने ती घेऊन दोन महिनेही झाले नव्हते. म्हणून प्लाय कुठला वापरलाय ते विचारा, मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो, कुठेतरी न रंगवलेली आतली बाजू सापडतेच, तिथे बघा. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर त्या फर्निचरची किंमत शून्य धरून सौदा करा, आपल्या हवेत ते टिकत नाही.

वास हीसुद्धा मोठी खूण आहे. दारं-खिडक्या बंद करून गाडी उन्हात तासभर ठेवा आणि उघडल्या उघडल्या आत डोकं घाला. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर कुठेतरी पाणी मुरलंय, आणि भरमसाठ एअर फ्रेशनर मारलेला असेल तरी शंका घ्याच. मुलांना दम्याचा, सर्दीचा त्रास असेल तर असल्या गाडीत रात्र काढणं म्हणजे आजार विकत घेणं आहे.

गंजाबद्दल विंगरची गोष्ट जास्त गंभीर आहे. विंगर मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते, त्यामुळे तिच्या दारांखालच्या सिल (उंबऱ्यासारख्या पट्ट्या), चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं ते भाग सडले असतील तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेला. तुमची गाडी २०१४ पासून ठाण्यात म्हणजे खाडीच्या हवेत आहे. रॅम्पवर चढवा, टॉर्च आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन जा, ताजं काळं अंडरबॉडी कोटिंग मारलेलं दिसलं तर कौतुक करू नका, त्याच्याखाली काय झाकलंय ते दांड्याने ठोकून बघा. आणि एक छोटा लोहचुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. पत्रा पक्का निघाला तर मात्र विंगरसारखी घरगुती कॅम्परला सोयीची गाडी कमी आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह असल्यामुळे खालून प्रोपेलर शाफ्ट जात नाही, फ्लोअर खाली येतं, सासूबाईंना चढायला ट्रॅव्हलरपेक्षा सोपं पडतं आणि चालवायलाही कारच्या जवळची वाटते. तोटा असा की मागे जास्त वजन भरलं की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर फिरतात.

इथेच कोकणातला एक मुद्दा. तुम्ही दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने जाणार, कधी ना कधी नक्की जाणार. ओहोटीला तिथल्या धक्क्याचा उतार चांगलाच तिरका होतो आणि शेवाळलेला असतो. लांब ट्रॅव्हलरचं मागच्या चाकांच्या मागे बरंच शेपूट असतं, त्याखाली कोणी पाण्याची टाकी नाहीतर टॉयलेटची टाकी लटकवली असेल तर बोटीत चढताना नाहीतर उतरताना ती घासते. मागच्या बंपरच्या खालच्या कडेला आणि टाकीच्या पट्ट्यांना ओरखडे आहेत का बघा, म्हणजे आधीच्या मालकाचं काय झालं ते कळेल. ट्रॅव्हलर घ्यायचीच असेल तर ३०५० नाहीतर ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) घ्या, पाच जणांसाठी त्याहून लांब गाडी लागत नाही आणि ठाण्यात उभी करायला जागा मिळत नाही. आणि पार्किंगचं आधी मोजा, हात जोडून सांगतो. हाय रूफ गाडी, वर एसी, आणि तुमच्या टॉवरच्या पोडियम पार्किंगच्या तोंडाशी असलेला उंची अडवणारा लोखंडी बार, टेप घेऊन जा आणि मोजा. सोसायटीने उघड्यावर जागा दिली नाही तर दर महिन्याला बाहेर भाडं भरावं लागेल, ते बजेटमध्ये धरा.

आता ज्याच्यासाठी मुळात हे एवढं लिहितोय. मुलं कुठे बसणार? दोन्ही गाड्यांत झोपायच्या जागा मोजू नका, सीट बेल्टच्या जागा मोजा. पाच माणसं म्हणजे पुढे तोंड करून असलेल्या, फ्लोअरला कंपनीच्या पॉइंटवर घट्ट बोल्ट केलेल्या, बेल्ट असलेल्या पाच सीटा. कॅम्पर बनवणारे पहिल्यांदा सीटाच काढून टाकतात आणि बाजूने बाकडं घालतात, लाउंज म्हणून. ते उभ्या गाडीत गप्पा मारायला छान आहे, चालत्या गाडीत आडव्या बाकड्यावर बसलेलं मूल ब्रेक लागला की सरळ ओट्याच्या कडेवर जातं. कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर दंड आहे, कलम १९४ बी, पण दंडाचं सोडा. लाकडी बॉक्सवर गादी टाकून त्याला स्क्रूने बेल्ट मारलेला असेल तर तो बेल्ट नाहीच असं समजा, प्लायमधला स्क्रू माणसाचं वजन धरत नाही. ५ वर्षांच्या मुलासाठी बूस्टर सीट बसेल अशी जागा पाहिजे. या एका कारणासाठी मी किती सुंदर गाडी असली तरी कुटुंबाला घेऊ नका म्हणून सांगतो.

विंगरच्या बाबतीत तुमच्या हातात चांगली संधी आहे. मालकाने सीटा काढल्यात म्हणता, पण त्या त्याच्याकडे पडून असतील, सौद्यात त्या मागून घ्या. आरसीवर जेवढ्या सीटा तेवढ्या परत बसवायच्या आणि मागे सीटांवरून उलगडणारा, पूर्ण उचलून काढता येणारा बेड करायचा, सामान बॉक्समध्ये. गाडी आरसीप्रमाणेच राहते, बेल्ट कंपनीचे, विम्याला अडचण नाही, आणि सोमवारी तीच गाडी लग्नाला न्यायला मोकळी. मुक्कामाला मुलगी आणि तुम्ही दोघं बाजूला तंबूत नाहीतर ऑनिंगच्या टेंटमध्ये, सासूबाई आणि धाकटा आत. पाचही जणांनी आतच झोपायचा आग्रह सोडलात तर गाडीचा आकार, किंमत, वजन सगळं एकदम कमी होतं. पावसाळ्यात तंबू जमत नाही, तेव्हा एखादी खोली घ्या आणि गाडी फिरायला वापरा. आणि जिच्यात झोपायचं ठरवाल तिच्यात सौद्याआधी सगळे एकदा आडवे व्हा, मग सासूबाईंना उठून बाहेर यायला सांगा, बाकीच्यांना न उठवता येता येतं का ते बघा. रात्री दोन वेळा उठणाऱ्या माणसासाठी हे किचनपेक्षा महत्त्वाचं आहे.

इंजिनाचं जास्त लिहीत नाही, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. फक्त गाडी थंड असताना चालू करायला लावा, पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर आधीच सुरू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत जा. गायमुखचा चढ तुमच्या घराजवळच आहे, पूर्ण वजन भरून दोन वेळा चढवा-उतरवा, टेंपरेचरचा काटा, क्लचचा वास, उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग खेचतंय का. ऐरोलीच्या पुलावर वारा असताना उंच गाडी किती डुलते तेही कळेल. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. कॅम्पर उभी जास्त राहते, टायर झिजत नाहीत पण म्हातारे होतात, नक्षी नवीन दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचे बदलायचेच. स्टेपनीचंही बघा.

विजेबद्दल विकणारे फार मोठं बोलतात. "एसी रात्रभर बॅटरीवर चालतो" म्हटलं की कागद-पेन काढा. १२ व्होल्टची १५० एएचची लेड ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, त्यातली निम्मीच वापरायची नाहीतर बॅटरी लवकर मरते, म्हणजे एका युनिटपेक्षाही (हजार वॉट-तास) कमी. एक टनाचा घरगुती एसी सुरू असताना हजार वॉटच्या आसपास खातो, कॉम्प्रेसर मधेमधे बंद होतो असं धरून सरासरी ७०० पकडली तरी सहा तासांना चार युनिटच्या वर लागतात. छतावरचं ४०० वॉटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देईल, झाडाखाली गाडी लावलीत तर तेही नाही. तेव्हा मल्टिमीटर न्या, इंजिन बंद करून बराच वेळ झाला की बॅटरी १२.६-१२.७ व्होल्ट दाखवायला पाहिजे, मग इन्व्हर्टरवर विकणारा म्हणतो ते सगळं लावा आणि अर्धा तास तिथेच बसा, काटा कसा पडतो ते डोळ्यांसमोर दिसेल. कोकणात मे महिन्यात एसी लागणारच असेल तर रिसॉर्टच्या आवारात प्लग मिळेल अशी जागा घ्या. भंडारदऱ्याला हिवाळ्यात एसी कशाला, १२ व्होल्टचे दोन पंखे आणि चांगला व्हेंट पुरतो. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे का हे मात्र बघाच, आणि पॅनेलिंगच्या मागे वायरी पिळून चिकटपट्टी लावलेल्या दिसल्या तर पूर्ण वायरिंग नवीन करायचा खर्च किमतीतून कमी करा. लाकडाच्या गाडीत आग अशीच लागते.

गॅसवर एकच सांगतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर किचनच्या कपाटात ठेवलेला असेल तर गाडी घेतल्या दिवशी तो बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर उडून जात नाही, फ्लोअरवर पसरतो, जिथे मुलं झोपलेली असतात. गॅससाठी बंद कप्पा, त्याला आतून गाडीत उघडणारी फट नाही आणि तळाला बाहेर जाणारं भोक, असं असेल तरच. मी तर कुटुंबांना बाहेर टेबल मांडूनच स्वयंपाक करायला सांगतो, लहान शेगडी, वारा अडवायला पत्रा, आणि गाडीत फायर एक्स्टिंग्विशर.

टॉयलेट फिक्स टाकीचं असेल तर फार भुलू नका, ते रिकामं करायला आपल्याकडे रस्त्यात जवळजवळ कुठेच सोय नाही आणि ओढ्यात सोडणं हा विचारसुद्धा करू नका. उचलून नेता येणारा पोर्टेबल पॉट सासूबाईंसाठी रात्रीपुरता पुरतो, सकाळी रिसॉर्टवाल्याला विचारून त्याच्या संडासात रिकामा करता येतो.

मग कुठली? ट्रॅव्हलरच्या आरसीवर कॅम्परचा क्लास असेल, काट्यावरचं वजन बसत असेल, पाच बेल्टच्या खऱ्या सीटा असतील आणि विकणारा इथला नंबर करून द्यायला तयार असेल, तर दोन्हींत ती मोठी आणि वर्षांनी नवी आहे, घ्या. यातली पहिली किंवा तिसरी गोष्ट नसेल तर किचन कितीही आवडलं तरी सोडा. विंगरचा पत्रा पक्का असेल तर माझा कौल तिलाच आहे, तुमच्या वीकेंडच्या वापराला ती पुरते आणि सीटा परत बसवल्या की कागदही सरळ राहतात. फक्त २०१४ ची म्हणजे २०२९ ला १५ वर्षं होतील, तेव्हा फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल, ते किमतीत धरा. दोन्ही गाड्या २०१९ च्या आधीच्या, तेव्हा नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का बघा.

बजेटचा निदान पाचवा हिस्सा हातात ठेवून सौदा करा, टायर, बॅटरी, सीलंट आणि सीटांना तो लागणारच. पूर्ण पैसे मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर, विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून नवीन. शक्य असेल तर आधी एक शनिवार-रविवार भाड्याची कॅम्पर घेऊन जा, मुलांना आणि सासूबाईंना जमतंय का ते कळेल, त्यावर पैसे गेले तरी चालतील. ट्रॅव्हलरचा क्लास आणि काट्याची पावती मिळाली की आकडे कळवा, आणि विंगर रॅम्पवर चढवाल तेव्हा दोन्ही सिलचे आणि मागच्या कमानींचे आतल्या बाजूने फोटो काढून पाठवा, ते बघून पत्र्याचं नक्की सांगतो.